घरावरील सौर पॅनेल आणि अभियंत्याची मान्यता

ग्रामीण महाराष्ट्रात घराच्या छपरावर सौर पॅनेल बसविण्याचे काम अलीकडे झपाट्याने वाढत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने 'पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना' हाती घेतली आणि एक कोटी घरांचे उद्दिष्ट तिच्यापुढे ठेवले. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचास एकंदर ७८,००० रुपये, असे अनुदानाचे प्रमाण ठरविण्यात आले. शेतीकडेही हीच लाट आलेली आहे. २०१९ पासून 'कुसुम' योजनेतून आणि २०२४ पासून राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून विहिरींच्या काठी पॅनेलचे सांगाडे उभे राहिले. ज्या गावात पाच वर्षांपूर्वी सौर पॅनेल पाहावयास मिळत नव्हते, त्या गावात आज पुरवठादारांचे प्रतिनिधी दारोदार फिरताना दिसतात.

हे सर्व इष्टच आहे. तथापि या कामात 'मान्यता' हा शब्द मात्र अप्रिय होऊन बसला आहे. मान्यता म्हणजे हेलपाटे, मान्यता म्हणजे कागद, मान्यता म्हणजे कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिलेला अर्ज, अशी शेतकऱ्याची समजूत झालेली असून ती सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. पूर्वीच्या नियमांप्रमाणे वीज कंपनीस तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास करण्यासाठी २० दिवसांची मुदत असे, आणि संच कार्यान्वित करण्यासाठी ३० दिवसांची. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी वीज ग्राहक हक्क नियमांत जी सुधारणा झाली, तीमुळे या दोन्ही मुदती प्रत्येकी १५ दिवसांवर आल्या. त्याहीपेक्षा मोठी सवलत अशी की, १० किलोवॅटपर्यंतचा घरगुती संच बसवू इच्छिणाऱ्याचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाशिवायच मान्य झाला असे धरले जावे, अशी तरतूद करण्यात आली. मंजूर भार वाढवावा लागत असेल तर तो वाढविण्याची जबाबदारीही वीज कंपनीवर टाकण्यात आली.

ही सुधारणा योग्य होती. दोन-तीन किलोवॅटच्या संचाने गावाच्या रोहित्रावर ताण पडेल अशी स्थिती सहसा नसते आणि तेवढ्यासाठी अर्ज अडवून ठेवणे अन्यायाचे होते. परंतु या सुधारणेचा जो अर्थ गावोगाव लावला जात आहे, तो चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत एखाद्या सोसाट्याच्या वाऱ्यात मोजावी लागण्याचा संभव आहे.

कोणती तपासणी रद्द झाली?

तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासात वीज कंपनी एकाच गोष्टीचा विचार करीत असे: या घरातून उलट दिशेने येणारी वीज सामावून घेण्याची शक्ती तेथील रोहित्रात आणि वाहिनीत आहे की नाही. घराचे छप्पर पॅनेल धरून ठेवील काय, हा प्रश्न त्या अभ्यासात कधीच विचारला जात नव्हता. वीज कंपनीचा अभियंता मुख्यतः विजेची बाजू पाहतो. मीटर, इन्व्हर्टर, अर्थिंग आणि जोडणी यांवर त्याची नजर असते, आणि ते योग्यच आहे. म्हणजे छपराच्या दृष्टीने पाहता १० किलोवॅटच्या सवलतीने कोणतीही तपासणी रद्द केलेली नाही. रद्द करण्यासारखी तपासणी तेथे नव्हतीच. असे असता 'आता मान्यता लागत नाही' हे एक वाक्य पुरवठादाराच्या तोंडून घरमालकाच्या कानी पडते आणि तेथून ते छप्पर, सांगाडा, बोल्ट, सर्वांनाच लागू केले जाते.

पॅनेलमुळे छपराला काय धोका आहे असे विचारले असता बहुतेक जण वजनाकडे बोट दाखवितात. हा समज दुरुस्त करणे अगत्याचे आहे. आजच्या प्रचलित ५४० वॅटच्या पॅनेलची लांबी सुमारे सव्वादोन मीटर, रुंदी १ मीटर १३ सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन २८ किलोच्या जवळपास असते. तीन किलोवॅटसाठी अशी सहा पॅनेले लागतात. त्यांचे वजन १७० किलो होते. लोखंडी सांगाडा धरून ते अडीचशे-तीनशे किलोपर्यंत जाते आणि ते साडेपंधरा चौरस मीटर जागेवर पसरलेले असते. दर चौरस मीटरला हे वजन २० किलोही भरत नाही. ज्या सपाट स्लॅबवर माणसांची ये-जा असते, त्यासाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा वापरभार धरलेला असतो. त्याच स्लॅबवर कोपऱ्यात जी हजार लिटरची पाण्याची टाकी बसविलेली असते, ती भरली म्हणजे तिचे वजन एक टन होते आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. सुस्थितीतील स्लॅबच्या बाबतीत वजन ही मुख्य अडचण नव्हे.

मुख्य अडचण वारा ही होय. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या वेगाप्रमाणे देशाचे विभाग पाडलेले आहेत. त्यात पुणे व नाशिक येथे मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबई व नागपूर येथे ४४ मीटर धरावयाचा आहे. सेकंदाला ३९ मीटर म्हणजे तासाला १४० किलोमीटर. या वेगाच्या झोताचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलो होतो. ४४ मीटरच्या वेगाला तोच ११८ किलोवर जातो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. उपरोक्त साडेपंधरा चौरस मीटरच्या सहा पॅनेलांवर ३९ मीटरच्या वेगाने १,४०० किलोहून अधिक जोर येऊ शकतो. सांगाड्याची उंची, पॅनेलांचा कोन, शेजारची घरे आणि झाडे यांप्रमाणे हा आकडा बदलेल, कमी होईल किंवा वाढेलही. परंतु त्याची जात बदलत नाही. वारा पॅनेलांच्या पाठीमागून शिरला म्हणजे हा जोर खाली दाबण्याऐवजी वर उचलू लागतो. खाली ओढणारे वजन तीनशे किलो आणि वर उचलणारा जोर त्याच्या चार-पाच पट, असा हा हिशेब आहे.

आता गावात प्रत्यक्ष काय केले जाते ते पाहावे. स्लॅबला छिद्र पाडले तर पावसाळ्यात गळती लागेल ही घरमालकाची भीती असते, आणि ती रास्त आहे. म्हणून स्लॅबला हात न लावता सांगाड्याच्या पायांखाली काँक्रीटचे सुटे ठोकळे ठेवले जातात. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा ठोकळ्याचे वजन ६५ किलोच्या आसपास भरते. सहा पायांचे सहा ठोकळे धरले तर ते ३९० किलो होतात. त्यात पॅनेले व सांगाडा यांचे वजन मिळविले तरी बेरीज सातशे किलोपर्यंतही जेमतेमच पोहोचते. चौदाशे किलोच्या जोरापुढे ती निम्मीच ठरते. हा त्रैराशिकाचा हिशेब सातवीतील विद्यार्थीही करू शकेल. तो कोणी केला नाही एवढेच.

छिद्र पाडून बोल्ट बसविले म्हणजे काम पक्के झाले असेही समजू नये. आपल्याकडील पुष्कळ घरांत स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातलेला असतो आणि त्याची जाडी चार-पाच इंच असते. आखूड बोल्ट या कोब्यातच संपतो; खालच्या काँक्रीटपर्यंत तो पोहोचतच नाही. वरून पाहणाऱ्यास बोल्ट दिसतो, नट घट्ट असतो, छायाचित्रही उत्तम येते. कोबा हा पाणी अडविण्यासाठी आणि उतार काढण्यासाठी असतो. ओढ सहन करणे हे त्याचे काम नव्हे.

याखेरीज उंच सांगाड्याची हौस आहे. धान्य वाळविणे, पापड-कुरडयांचे वाळवण घालणे, उन्हाळ्यात रात्री अंथरूण टाकणे, यांसाठी गच्चीचा उपयोग होतो. म्हणून पॅनेले माणूस उभा राहील इतकी उंच बसवून मागितली जातात. मागणी वाजवी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु आठ फूट उंचीवरचे पॅनेल हे उघड्या मांडवासारखे असते. खालून वारा मोकळेपणी शिरतो आणि पायांच्या मुळाशी पिळवटणारा ताण येतो. कमी उंचीच्या सांगाड्यासाठी केलेला आराखडा येथे चालत नाही. दोन्हींसाठी एकच नकाशा जोडलेला आढळला, तर तो नकाशा कोणीही मनापासून पाहिलेला नाही असे खुशाल समजावे.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग तासाला १०० ते ११० किलोमीटर, आणि झोतांत १२० किलोमीटरपर्यंत होता. रायगड आणि रत्नागिरीत घरांचे पत्रे आणि कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. मानकात धरलेल्या वेगापेक्षा हा वेग कमीच होता. देशावर चक्रीवादळ क्वचित पोहोचते, पण चैत्र-वैशाखातील वळवाची वावटळ कोणत्या तालुक्यास अपरिचित आहे? छपरावरून निसटलेले २८ किलोचे काचेचे पॅनेल स्वतःच्या अंगणात पडेल की शेजाऱ्याच्या, हे कोणाच्याही हाती नसते.

पत्रा, कौल आणि माळवद

मानक नकाशे बहुधा स्लॅबच्या घरासाठी तयार केलेले असतात. खेड्यातील सर्व घरे मात्र स्लॅबची नाहीत. पत्र्याच्या घरात सांगाडा केवळ पत्र्यास बोल्टने जोडला तर त्यास आधार पत्र्याच्या हुकांचाच राहतो, आणि वाऱ्याने पत्र्यासह सर्व काही उचलले जाते. येथे जोड पत्र्याखालील अँगलला किंवा कैचीला मिळाला पाहिजे आणि ती कैची भिंतीस बांधलेली असली पाहिजे. पुष्कळ घरांत ती भिंतीवर नुसती टेकविलेली असते. कौलारू घराचे वासे जुने आणि काही ठिकाणी वाळवीने पोखरलेले असतात. वरून ते ओळखू येत नाहीत, आढ्याखाली शिरून टोचून पाहावे लागतात. मराठवाड्यातील मातीच्या माळवदाच्या घरांवर तर सांगाडा बसविण्याचा विचारच करू नये. मातीत बोल्ट धरत नाही, कडीपाटावर आधीच मातीचे अतोनात वजन असते, आणि पायांपाशी पाणी मुरले म्हणजे खालचे लाकूड कुजते. अशा घरमालकास परसात किंवा खळ्याच्या कडेला जमिनीवर सांगाडा उभारण्याचा सल्ला देणे हाच प्रामाणिकपणा होय. पुरवठादार तो सल्ला आपण होऊन देईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे, कारण जमिनीवरील पायासाठी त्याचा खर्च वाढतो.

शेतातील पंपाच्या सांगाड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. सौर पंपांच्या केंद्रीय मानकात सांगाड्याने तासाला १५० किलोमीटर वेगाचा वारा सोसावा अशी अट घातली गेली, आणि सांगाडा कारखान्यातून तयार होऊन येत असल्यामुळे लोखंडाबद्दल फारशी तक्रार राहत नाही. तक्रार पायाबद्दल आहे. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. तरीही तीन फुटांचा खड्डा काळ्या मातीतच घेऊन, त्याच मातीने भरून, वर काँक्रीटचा गिलावा दिलेला पाया अनेक शिवारांत पाहावयास मिळतो. दोन पावसाळ्यांत खांब कलतो, पॅनेलांची दिशा बदलते आणि पंपाचे पाणी कमी झाले अशी तक्रार सुरू होते. पाया मुरमापर्यंत गेला पाहिजे. मुरूम फार खोल असेल तर पायाचा तळ रुंद करून, भरावासाठी काळी माती न वापरता मुरूम कुटून घातला पाहिजे. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा फुगणाऱ्या जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या खांबांच्या पायाची पद्धत फार पूर्वीच विकसित केलेली आहे. म्हणजे ज्ञान उपलब्ध आहे. ते खड्डा खणणाऱ्या मजुरापर्यंत पोहोचलेले नाही.

विजेच्या बाजूची मान्यता

विजेच्या तपासणीस कंटाळणाऱ्यांनी खांबावर चढणाऱ्या लाईनमनचा विचार करावा. वाहिनीत बिघाड झाला म्हणजे पुरवठा बंद करून तो खांबावर चढतो. त्या वेळी एखाद्या घरातील इन्व्हर्टर वाहिनीत वीज सोडीत राहिला, तर रोहित्र उलट दिशेने काम करू लागते आणि घरगुती दाबाची वीज ११,००० व्होल्टपर्यंत चढून त्याच्या हाताशी येते. हे टाळण्यासाठी वाहिनीतील पुरवठा जाताच दोन सेकंदांच्या आत इन्व्हर्टर आपोआप थांबला पाहिजे, अशी मानकाची अट आहे. वीज कंपनीच्या तपासणीत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची असते.

या अटीमुळे घरमालकाची निराशा होते हे खरे. भर दुपारी ऊन असूनही वीज गेली की सौर संचाचे घरही बंद पडते, आणि 'मग पॅनेले कशाला बसविली?' असा प्रश्न तो विचारतो. हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे आणि त्याचे खरे उत्तर मिळाले पाहिजे: बॅटरी व त्यासाठीचा निराळा इन्व्हर्टर नसेल, तर वीज गेल्यावर हा संच चालणार नाही. हे आधी न सांगितल्यामुळेच पुढे एखादा हुशार मिस्त्री दुसऱ्या तारा ओढून 'जुगाड' करून देतो. असला जुगाड गावातील लाईनमनच्या जिवावर बेतू शकतो, आणि तो लाईनमन बहुधा जवळच्याच गावचा, ओळखीचा माणूस असतो.

छपरावरील एकदिश प्रवाहाबद्दलही ग्रामस्तरावर पुरेशी जाणीव नाही. एका पॅनेलचा मोकळा दाब ५० व्होल्टच्या आसपास असतो. सहा पॅनेले एकामागून एक जोडली की तो ३०० व्होल्टपर्यंत जातो. खालचे मुख्य बटण बंद केले तरी ऊन असेपर्यंत पॅनेलांपासून बटणापर्यंतच्या तारांत हा दाब कायम राहतो. या प्रवाहाची ठिणगी घरातील नेहमीच्या प्रवाहाप्रमाणे सहज विझत नाही. म्हणून सैल जोड, उघड्या तारा आणि गच्चीवर लोंबणाऱ्या केबली यांकडे दुर्लक्ष करता कामा नये. कोकणात व घाटमाथ्यावर वानरांचा उपद्रव असतो, तेथे नळीत न घातलेली केबल किती दिवस टिकेल हे सांगण्यास अभियंत्याची गरज नाही. एकदिश बाजू, घरगुती बाजू आणि वीजरोधक यांची अर्थिंगे स्वतंत्र हवीत. खडकाळ जमिनीत अर्थिंगचा रोध उतरता उतरत नाही. अशा ठिकाणी केवळ सळई ठोकून छायाचित्र काढण्याऐवजी मीटर लावून रोध मोजून घ्यावा.

सही कोणाची आणि केव्हा?

काम पूर्ण झाल्याच्या अहवालावर पुरवठादाराबरोबर घरमालकाचीही सही असते. व्यवहारात ती सही पुष्कळदा कामाच्या आधीच, करारावरील सहीबरोबर घेतली जाते. अनुदान लवकर मिळावे या भाबड्या हेतूने घरमालक ती देतो. तीच गत सांगाड्याच्या दृढतेच्या दाखल्याची. ज्या अभियंत्याचा शिक्का त्यावर असतो, त्याने ते छप्पर पाहिलेले असतेच असे नाही. एकच नकाशा दहा घरांना जोडला जाऊ शकतो, नाव तेवढे बदलून. अशी मान्यता असून नसल्यासारखीच होय. किंबहुना ती नसती तर निदान घरमालक सावध राहिला असता.

यावर उपाय म्हणून प्रत्येक घरासाठी अभियंत्याची प्रत्यक्ष पाहणी सक्तीची करावी, अशी मागणी कोणी करील. ती व्यवहार्य नाही. पंचायत समितीच्या बांधकाम शाखेतील अभियंत्यांवर रस्ते, शाळाखोल्या आणि घरकुले यांचा भार आधीच आहे. त्यात हजारो छपरांची भर पडली तर २०२४ च्या सुधारणेने जी दिरंगाई दूर केली, तीच दुसऱ्या दाराने परत येईल. शेतकऱ्यास ती मुळीच नको आहे, आणि त्यात त्याचे चुकत नाही.

मध्यम मार्ग उपलब्ध आहे. सुस्थितीतील काँक्रीटच्या स्लॅबवर, कमी उंचीचा सांगाडा, जिल्ह्याच्या वाऱ्याच्या वेगास अनुसरून केलेल्या नमुना नकाशाप्रमाणे बसविला असेल, तर तेथे प्रत्यक्ष पाहणीची आवश्यकता ठेवू नये. पुरवठादाराचे प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येक पायाचे बोल्ट बसविताना घेतलेले छायाचित्र, ज्यात कोबा फोडून खालचे काँक्रीट उघडे केलेले दिसते, एवढे पुरे. याच्या उलट उंच सांगाडा, पत्रा, कौल किंवा वीस-पंचवीस वर्षांहून जुना, सळया उघड्या पडलेला स्लॅब असेल, तर तेथे अभियंत्याने छपरावर चढूनच सही करावी. अशी घरे एका गावात एकेकटी हाताळण्यापेक्षा त्यांचे अर्ज एकत्र करून महिन्यातील एक दिवस ठरविला, तर एका फेरीत दहा-पंधरा घरे पाहून होतील. या पाहणीचे शुल्क पुरवठादाराने अभियंत्यास परस्पर देण्याची पद्धत मात्र नसावी. ज्याच्या कामाची तपासणी करावयाची त्याच्याच हातून तपासणीचे पैसे घेतल्यावर काय होते, हे निराळे सांगावयास नको. ते ग्रामपंचायतीमार्फत भरले जावे.

कोणी म्हणेल की, छपराच्या बाबतीतही ठराविक मुदतीनंतर मान्यता मिळाली असे धरावे. वाहिनीच्या बाबतीत तसे धरणे शक्य झाले, कारण वाहिनी कमी पडली तर ती सुधारण्याची जबाबदारी वीज कंपनीवर टाकता आली. पाच किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी तो खर्चही कंपनीनेच सोसावयाचा आहे. छप्पर कमी पडले तर त्याचा खर्च कोण सोसणार? घर त्या कुटुंबाचे, कर्ज त्याचे, आणि छपराखाली झोपणारी मुलेही त्याचीच. मुदत उलटली तर पाहणीसाठी दुसरा अभियंता पाठवावा, पण पाहणी टाळू नये.

हे धोरण ठरेल तेव्हा ठरेल. तोवर ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांच्या हाती बरेच काही आहे. अर्ज भरून देताना घराच्या छपराचा प्रकार आणि वय विचारून घ्यावे. केंद्र शासनाने घरमालक व पुरवठादार यांच्यातील कराराचा नमुना प्रसिद्ध केलेला आहे; त्या कराराबरोबर सांगाड्याचा नकाशा जोडलेला आहे काय, त्यावर वाऱ्याचा वेग लिहिलेला आहे काय आणि तो त्या जिल्ह्याचा आहे काय, हे पाहण्यास अभियांत्रिकी पदवी लागत नाही. काम पूर्ण झाल्याच्या अहवालावर काम पूर्ण होण्यापूर्वी सही करू नये, हे ग्रामसभेत एकदा मोठ्याने सांगावे. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी, कारण घरातील कागद पाच वर्षांनी सापडत नाहीत आणि पुरवठादाराचा दूरध्वनी क्रमांक त्याहून लवकर बदलतो.

या योजनेत पाच वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी पुरवठादाराची आहे. त्याचा माणूस आला की इन्व्हर्टरचा दिवा पाहतो, पॅनेलांवरील धूळ पुसून घेण्यास सांगतो आणि निघून जातो. ही भेट वळवाचे पाऊस सुरू होण्याआधी, फाल्गुनात किंवा चैत्राच्या आरंभी, मागून घ्यावी. त्या वेळी सांगाड्याचा प्रत्येक नट पान्याने आवळून घ्यावा, पायांशी गंज किंवा कोब्यात तडा दिसल्यास तो करारावर लिहून घ्यावा, आणि वर चढण्यासाठी शिडी घरमालकाने आधीच लावून ठेवावी.